पिस्तूल घ्यायचंय? आधी परवान्यावरची हद्द वाचा

निवडणूक जाहीर झाली की बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या वर्तमानपत्रांत एक छोटी सूचना येते: परवानाधारकांनी आपली शस्त्रे पोलीस स्टेशनमध्ये जमा करावीत. ती वाचून चहाच्या गाड्यावर दोन प्रश्न निघतातच. परवाना मिळतो तरी कुणाला? आणि मिळालाच तर घ्यावं कोणतं? हे प्रश्न हौशी माणसाचेच असतात असं नाही. सोनं घेऊन रात्री परतणारा सराफ, तंबाखूची रोकड सांभाळणारा व्यापारी, मळ्यात वस्ती करून राहिलेलं कुटुंब, या माणसांना भीती खरी असते आणि प्रश्नही खरा असतो.

उत्तर शोधायला मोबाईल उघडला की समोर अमेरिकेतला एखादा माणूस दहा पिस्तुलं मांडून बसलेला दिसतो. त्याचा सल्ला त्याच्या देशात बरोबर असेल. सीमाभागात राहणाऱ्या माणसानं मात्र क्रम उलटा लावायला हवा: आधी परवान्यावरची हद्द, मग बोअर (नळीचं माप), मग होल्स्टर (हत्याराचं कमरेला लावायचं म्यान) आणि घरातलं कुलूप, आणि शेवटी कंपनी, मॉडेल, किंमत.

परवाना म्हणजे नक्की काय

आपल्याकडे शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्क नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे २०१६ चे नियम यांच्यानुसार सरकार ती परवानगी देतं, आणि काढूनही घेऊ शकतं. वयाची एकवीस वर्षं पूर्ण हवीत. अर्जावर पोलिसांचा अहवाल मागवला जातो. हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि ते घरात कुठं, कसं ठेवणार हेही सांगावं लागतं. बेळगाव शहर आणि लगतच्या भागासाठी अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो, बाकी जिल्ह्यासाठी डीसी ऑफिसला, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात.

दोन गोष्टी लोकांना सहसा ठाऊक नसतात. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हे कायद्यात लिहिलेलं आहे. आणि नाकारला तर कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि त्यावर अपील करता येतं. म्हणून वशिला आणि पैसे यांच्या गप्पा ऐकून सुरुवातीलाच मध्यस्थ गाठू नका. अर्जात धोका नेमका काय ते लिहा: धंदा कोणता, रोकड कधी आणि कुठल्या रस्त्यानं नेता, पूर्वी तक्रार केली असेल तर तिचा नंबर. ‘जिवाला धोका आहे’ या एका वाक्यावर कुठलाही अधिकारी निर्णय घेऊ शकत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनं आणखी दोन बदल झाले. एका माणसाला पूर्वी तीन बंदुका ठेवता येत, आता दोनच. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली.

हद्द: आपल्या भागातला सगळ्यात मोठा खड्डा

परवान्यावर तो कुठं लागू आहे ते लिहिलेलं असतं. जिल्ह्यापुरता, राज्यापुरता किंवा संपूर्ण भारतासाठी. हुबळी-दावणगेरेकडच्या माणसाला ‘राज्यापुरता’ म्हणजे ऐसपैस वाटेल. आपल्याला नाही, कारण आपली रोजची ये-जाच राज्याबाहेर आहे. निपाणीचा सराफ कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात जातो तेव्हा कोगनोळी ओलांडली की कागल, म्हणजे महाराष्ट्र. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की बाची संपून शिनोळी कधी लागली हे नव्या माणसाला कळतही नाही. खानापूरकडून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरला की गोवा.

रिक्षाचालकाचं ड्रायव्हिंग लायसन्स देशभर चालतं, पण रिक्षाचं परमिट ठरलेल्या हद्दीपुरतंच असतं. हत्याराचा परवाना त्या परमिटसारखा आहे. कर्नाटकापुरता परवाना खिशात आणि रिव्हॉल्व्हर कमरेला लावून शिनोळीत पाऊल टाकलं, की तिथं तुमच्याकडे त्या हत्याराचा लागू परवानाच नाही. हा केवळ अटीचा भंग की बिनपरवाना शस्त्र, यावर वकील कोर्टात वाद घालतील. अटीचा भंग ठरला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बिनपरवाना ठरलं तर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं. एवढ्या मोठ्या फरकावर आपलं भविष्य टांगून ठेवण्यात शहाणपणा नाही.

म्हणून अर्ज करतानाच ठरवा. धंद्यासाठी कोल्हापूर, गडहिंग्लज, सावंतवाडी किंवा गोव्याला जावं लागत असेल तर ते रस्ते, ते व्यवहार कागदानिशी दाखवून हद्द वाढवून मागा. मिळाली नाही, तर सीमेपलीकडे जाताना हत्यार घरी कुलपात राहिलं पाहिजे. आणि ज्याची जोखमीची सगळी फेरी सीमेपलीकडेच होते, अशा माणसानं राज्यापुरत्या परवान्यावर लाख-सव्वा लाख घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

परवान्यावरचा मजकूर कन्नडमध्ये असेल आणि आपल्याला सफाईनं वाचता येत नसेल, तर जाणकाराकडून प्रत्येक ओळ समजून घ्या. हद्द, मुदत, काडतुसांची संख्या, हत्याराचा नंबर, या चार गोष्टींत चूक राहिली तर निस्तरावं आपल्यालाच लागतं.

नऊ एमएम का मिळत नाही

बोअर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचं माप. कायद्यानं हत्यारांचे दोन गट केले आहेत. लष्कर-पोलिसांच्या वापरातली काही मापं आणि आपोआप गोळ्या झाडणारी हत्यारं ‘निषिद्ध’ गटात जातात. त्यांचा परवाना केंद्र सरकारच्या अखत्यारीत आहे आणि सामान्य माणसाला तो जवळजवळ मिळत नाही. बाकीची ‘बिगरनिषिद्ध’.

अमेरिकेत अंगावर बाळगण्यासाठी सुचवलं जाणारं ग्लॉक १९ काय किंवा २०१८ मध्ये आलेलं छोटं सिग पी३६५ काय, दोन्ही नऊ एमएमची. आपल्याकडे नऊ एमएम निषिद्ध. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळे इथं घराघरांत निवृत्त फौजी आहेत आणि त्यांच्यातल्या कित्येकांचा हात नऊ एमएमवर बसलेला असतो. परवाना मागायला गेल्यावर तेच माप मिळत नाही म्हणून त्यांना वाईट वाटतं. ते समजू शकतं, पण नियम निवृत्त जवानालाही तोच आहे.

त्यातून परदेशी हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर) खासगी माणसानं आयात करणं १९८० च्या दशकापासून बंद आहे. बाजारात जे जुनं ‘इम्पोर्टेड’ फिरतं ते बहुतेक त्याआधी आलेलं, म्हणजे जवळपास चार दशकांचं. त्याची किंमत दुर्मिळपणाची असते. जीव वाचवण्याच्या कामाला चाळीस वर्षांपूर्वीची, सुटे भाग न मिळणारी वस्तू घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उरतं बत्तीस बोअर

सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला बहुतेक वेळा येतं ते .३२ बोअर. इथं एक घोटाळा होतो. रिव्हॉल्व्हरचं बत्तीस आणि पिस्तुलाचं बत्तीस ही दोन वेगळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्व्हरचं लांब असतं आणि त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, पिस्तुलाचं आखूड. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. परवान्यात आणि पावतीवर कोणतं लिहिलंय ते दुकानातच तपासा.

सरकारी कारखान्यांची रिव्हॉल्व्हर आपल्याकडे सर्वांत जास्त ओळखीची. २०१४ मध्ये महिलांना डोळ्यांसमोर ठेवून ‘निर्भीक’ आली: वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीनं २०२३ मध्ये ‘प्रबल’ आणली. तिची नळी ७६ मिलिमीटरची आणि वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. जुनी सरकारी रिव्हॉल्व्हर बिजागरीवर वाकवून उघडते, प्रबलचं काडतुसांचं चाक बाजूला उघडतं.

हलकं तेवढं चांगलं, हा समज दिवसभर बाळगण्यापुरता खरा आहे. झाडताना चित्र बदलतं. तीच गोळी हलक्या हत्यारातून सुटली की हाताला धक्का जास्त बसतो, दुसरी गोळी नेम धरून मारणं अवघड जातं, आणि धक्क्याच्या भीतीनं माणूस सराव टाळतो. बारीक मनगटाच्या माणसाला ‘हलकं घ्या’ म्हणून सांगणारा दुकानदार हे सांगत नाही.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल

रिव्हॉल्व्हरमध्ये सहा घरांचं फिरतं चाक असतं. बोटानं ओढायचा तो चाप, मागून ठोका देतो तो घोडा. चाप पूर्ण ओढला की चाक एक घर पुढं सरकतं, घोडा मागं जाऊन आपटतो आणि गोळी सुटते. हा ओढा लांब आणि जड असतो, म्हणून नुसत्या चुकून लागलेल्या बोटानं गोळी सुटण्याची शक्यता कमी. एखादं काडतूस फुसकं निघालं तर परत चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं.

पिस्तुलात काडतुसं मुठीतल्या मॅगझिनमध्ये (काडतुसांच्या पेटीत) असतात. वरचा सरकता भाग मागं खेचून सोडला की पहिलं काडतूस नळीत चढतं, पुढचं प्रत्येक काडतूस गोळी झाडल्यावर आपोआप चढतं. आकार चपटा, त्यामुळे शर्टाखाली फुगवटा दिसत नाही. पण काडतूस अडकलं तर ते मोकळं करण्याची हातोटी लागते आणि सरकता भाग खेचायला बोटांत जोर लागतो. सगळ्यात घातक चूक इथंच होते: मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं माणूस समजतो, आणि एक काडतूस नळीत बसलेलं असतं. ‘रिकामं होतं’ म्हणत घरात सुटणाऱ्या गोळ्यांमागं ही समजूत असते.

जो माणूस महिन्यातून एकदाही सराव करू शकणार नाही, त्यानं साधं सहा घरांचं रिव्हॉल्व्हर घ्यावं. चाक उघडलं की भरलंय की रिकामं हे समोर दिसतं, यातच निम्मी सुरक्षितता आहे. पिस्तूल त्यानं घ्यावं ज्याचा हात नियमित चालतो.

निवडताना हातात धरून बघा. मूठ पूर्ण पकडीत येते का? तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर सहज टेकतो का? बोट ताणून पोचत असेल तर नेम बाजूला जाणारच. जुनं रिव्हॉल्व्हर घेत असाल तर एक गोष्ट कारागिराला जरूर विचारा. काही जुन्या घडणींत घोडा सरळ काडतुसावर टेकलेला असतो. ते जमिनीवर आपटलं तर गोळी सुटू शकते. जुने परवानाधारक अशा हत्यारात घोड्याखालचं घर रिकामं ठेवतात, पाचच काडतुसं भरतात. ते बरोबर करतात.

झाकून ठेवणं ही अट आहे

अमेरिकेत अनेक राज्यांत हत्यार कपड्यांआड बाळगायला वेगळा परवाना लागतो. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक जागी हँडगन होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलीच असली पाहिजे आणि तिच्यावर तुमचा ताबा असला पाहिजे. शर्ट वर करून दस्ता दाखवणं, टेबलावर काढून ठेवणं, फोटो काढून स्टेटसला लावणं, यातून परवाना जाऊ शकतो.

होल्स्टर कडक हवं आणि त्यानं चाप पूर्ण झाकला पाहिजे. पँटच्या खिशात किल्ल्यांबरोबर टाकलेलं रिव्हॉल्व्हर, सीटखाली सरकवलेलं पिस्तूल, स्कूटरच्या डिकीतली पिशवी, यांपैकी कशालाच ताबा म्हणता येत नाही. मोटारसायकलवर फिरणाऱ्यांनी ते पाठीच्या मध्यावर लावू नये. घसरून पडलात तर लोखंडाचा तो गोळा थेट मणक्यावर आदळतो. कमरेच्या उजव्या बाजूला, सैल शर्टाखाली ठीक. घामानं आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणानं गंज धरतो, तेव्हा संध्याकाळी पुसून तेलाचा हात फिरवावा. चामड्याच्या होल्स्टरमध्येच कपाटात ठेवून देऊ नये, चामडं ओल धरून ठेवतं.

घरी आल्यावर हत्यार एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. उशीखाली नाही, देवघरात नाही, साड्यांच्या घडीत नाही. मुलांना लपवलेली वस्तू सापडते.

‘जीव वाचवायचाय, तिथं कायदा कोण बघतो?’

कोर्ट बघतं. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यानं दिलेला आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असेल, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो हक्क लागू होतो. जबरी चोरी आणि सूर्यास्तानंतरची घरफोडी यांतही तो आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ होता तर हक्क सांगता येत नाही. बॅग हिसकावून पळत सुटलेल्याच्या पाठीत गोळी घातली तर तुमच्या जिवाची भीती तेव्हा संपलेली होती, असंच सरकारी वकील म्हणतील. बांधाच्या भांडणात नुसतं बाहेर काढणंसुद्धा तुम्हालाच आरोपी करतं.

लग्नात, यात्रेत हवेत गोळी झाडली आणि कुणाच्या जिवाला धोका झाला, तर २०१९ पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. वर गेलेली गोळी कुणाच्या तरी अंगणात उतरतेच.

‘कोडगूत परवाना लागत नाही, मग आम्हालाच का?’

आपल्याच राज्यातल्या कोडगू जिल्ह्यात कोडव समाजाला आणि जम्मा जमिनीच्या (पूर्वी लष्करी सेवेसाठी दिलेल्या वंशपरंपरागत जमिनीच्या) धारकांना काही शस्त्रांसाठी परवान्यातून सूट आहे, हे खरं. ती इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली असून केंद्रानं २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली. मात्र ती त्या लोकांपुरती आहे. कर्नाटकात राहतो म्हणून खानापूरच्या शेतकऱ्याला ती लागू होत नाही. खानापूर-चंदगड पट्ट्यात गवे आणि रानडुकरं उभं पीक लोळवतात, तो त्रास मोठा आहे. पण त्यासाठी हँडगन हे हत्यारच नव्हे, आणि वन्यजीव कायदा वेगळा आडवा येतो.

‘निवडणुकीत काढूनच घेतात, मग उपयोग काय?’

सरसकट काढून घ्यावीत असं नाही. जिल्ह्यातली छाननी समिती कुणाकडून शस्त्र जमा करून घ्यायचं ते ठरवते, आणि सरसकट जमा करून घेण्याला मुंबई उच्च न्यायालयानं २००९ मध्ये आक्षेप घेतला होता. प्रत्यक्षात बहुतेकांना सूचना येते. खरी गरज असेल तर समितीकडे लेखी अर्ज करून सूट मागा. जमा केलंत तर हत्याराचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

सीमाभागात हा जाच दुप्पट होतो. कर्नाटक विधानसभेचं मतदान १० मे २०२३ ला झालं, लोकसभेचं बेळगाव-चिकोडीत ७ मे २०२४ ला, आणि महाराष्ट्र विधानसभेचं २० नोव्हेंबर २०२४ ला. पलीकडच्या निवडणुकीतही नाक्यांवर गाड्या तपासल्या जातात. शिवाय १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव, मराठी भाषकांचा काळा दिवस) किंवा कर्नाटक विधिमंडळाचं बेळगावातलं अधिवेशन अशा वेळी जमावबंदीचा आदेश निघाला, तर त्यात शस्त्र घेऊन फिरण्यावर बंदी आहे का ते वाचा. असेल तर परवाना दाखवून सुटका होत नाही.

‘गावठी स्वस्तात मिळतं’

बिनपरवाना म्हणजे दोन ते पाच वर्षं, हे वर आलंच. गावठी कट्ट्याची नळी कित्येकदा साध्या पाइपची असते आणि काडतुसाचा दाब तिला पेलत नाही. ती फुटली तर बोटं तुमचीच जातात. तो आधी कुठल्या गुन्ह्यात वापरला गेला होता हेही विकणारा सांगत नाही. या वाटेला जाऊच नये.

वडिलांचं हत्यार घरात आहे, ते आपोआप माझं होतं का?

नाही. परवाना ज्याच्या नावावर, त्याच्यापुरताच. बायको, मुलगा, ड्रायव्हर कुणालाही ते ‘जरा सोबत ठेव’ म्हणून देता येत नाही. वडील हयात असताना त्यांचं वय सत्तर झालं असेल, किंवा हत्यार त्यांच्याकडे पंचवीस वर्षं असेल, तर वारसाला स्वतःच्या नावावर परवाना मागता येतो. वडील गेले असतील तर हत्यार विनाविलंब पोलीस स्टेशनमध्ये किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची, आणि घरच्यांपैकी एकानं बाकीच्या वारसांच्या संमतीनं अर्ज करायचा. तो वारस कोल्हापुरात राहत असेल तर अर्ज तिकडच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, आणि परवाना हातात पडेपर्यंत हत्यार बेळगावातच जमा राहतं.